पैसे भरलेली ऑनलाइन ऑर्डर विक्रेत्यानेच रद्द केली: तपासणी कुठून सुरू करायची, कुठे थांबायचं

एप्रिल लागला की सोलापुरात कूलरच्या ऑर्डरी वाढतात आणि त्याच वेगाने रद्दही होतात. पारा बेचाळीसला, पंखा गरम वारा फेकतोय, कूलरचे पैसे जाऊन चार दिवस झालेत आणि मोबाइलवर ओळ येते: "आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे." दिवाळीच्या सेलमध्ये मोबाइलचं हेच होतं, जूनमध्ये मुलांच्या टॅबचं. वरून तक्रार एकच दिसते, आत चार-पाच निरनिराळे दोष असतात. कोणता दोष आहे हे न बघता कस्टमर केअरला दहा फोन केले की दहा उत्तरं मिळतात, आणि त्यातलं एकही लेखी नसतं.

लक्षणं

१. खात्यातून पैसे कापले, पण ऑर्डरच्या यादीत ऑर्डरच नाही.
२. ऑर्डर दिसते, समोर "विक्रेत्याने रद्द केली", "माल शिल्लक नाही" किंवा "या पिनकोडवर सेवा नाही".
३. समोर "ग्राहकाच्या विनंतीवरून रद्द" असं लिहिलंय, पण तुम्ही बटणाला हातही लावलेला नाही.
४. रिफंड "पूर्ण झाला" दिसतो, पण खात्यात आला नाही, कमी आला, किंवा न विचारता वॉलेटमध्ये टाकला.
५. पैसे नीट परत आले, मात्र तीच वस्तू आता दीड-दोन हजारांनी महाग दिसते.

पहिलं लक्षण खरं म्हणजे रद्द झालेल्या ऑर्डरचं नाहीच. तो फसलेला व्यवहार आहे आणि त्याचे नियम वेगळे, ते दुसऱ्या तपासणीत येतील. तिसरं लक्षण सगळ्यांत किरकोळ वाटतं आणि पुढे सगळ्यांत महागात पडतं.

आणखी एक गोष्ट आधीच. चाटी गल्लीत दुकान आहे आणि विकण्यासाठी चाळीस मिक्सर मागवले होते, तर ग्राहक कायद्याच्या व्याख्येत तुम्ही बसत नाही. पण घरी फॉल-पिकोचं काम करून पोट भरण्यासाठी स्वतःपुरतं मशीन मागवलं असेल तर बसता. स्वयंरोजगारातून उपजीविका ही सवलत कायद्यातच आहे.

तपासणी १: स्क्रीनवरचं कारण पकडून ठेवा (खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं)

रद्द झाल्याचा मेसेज दिसला की फोन लावू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या. रद्द करण्याचं कारण म्हणून ॲपवर आज जे शब्द दिसतात ते आठवड्याने तसेच राहतील याची खात्री नसते. "माल शिल्लक नाही"चं "ग्राहकाची विनंती" झालेलं दिसतं, कधी पानच उघडत नाही. ऑर्डर क्रमांक, तारीख, भरलेली रक्कम, कारणाचे नेमके शब्द आणि विक्रेत्याचं नाव, सगळं एकाच चित्रात आलं तर उत्तम. मार्केटप्लेसचं (म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल दाखवणाऱ्या ॲपचं) नाव आणि विक्रेत्याचं नाव ही दोन वेगळी नावं असतात. विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मार्केटप्लेसवर बंधनकारक आहे, पण बरेच ग्राहक ते कधी उघडूनच बघत नाहीत.

मग त्याच वस्तूचं पान उघडा, आपला पिनकोड टाका, म्हणजे ४१३००१ किंवा तुमचा जो असेल तो, आणि काय येतं ते बघा. कारण "पिनकोडवर सेवा नाही" दिलंय आणि पान म्हणतंय "गुरुवारपर्यंत पोहोचेल", तर दिलेलं कारण तिथेच खोटं पडलं. हे दृश्य स्क्रीन रेकॉर्डिंगने टिपा. ॲप उघडण्यापासून सुरुवात करा, तारीख-वेळ दिसू द्या, आजची किंमत दिसू द्या. चाळीस सेकंदांची ही फीत पुढे कुठल्याही युक्तिवादापेक्षा जास्त कामाला येते.

"ग्राहकाच्या विनंतीवरून" असं लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी चॅटवर किंवा ईमेलवर एक वाक्य टाका: "ही ऑर्डर मी रद्द केलेली नाही आणि तशी विनंतीही केलेली नाही." घाई एवढ्यासाठी की ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने एकतर्फी रद्द करणं आणि ग्राहकाने रद्द करणं यांत फरक आहे. ग्राहकाने रद्द केल्याबद्दल कंपनीला शुल्क लावायचं असेल, तर स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तसंच शुल्क तिलाही सोसावं लागतं. ऑर्डर तुमच्या नावावर रद्द झाली की हा मुद्दा हातातून जातो आणि भरपाईचाही पाया ढासळतो.

कुरिअरवाल्याने "ग्राहक उपलब्ध नाही" मारून माल परत पाठवला असेल तर त्या दिवसाची फोनची कॉलयादी उघडा. जुळे सोलापुरात दिवसभर घरात माणूस असताना "तीनदा प्रयत्न केला" अशी नोंद सर्रास सापडते. कॉलयादीत अनोळखी नंबर नाही, मिस्ड कॉल नाही, तर तिचा स्क्रीनशॉट हाच पुरावा. आणि कुणी फोन करून "रद्द करायचा ओटीपी सांगा" म्हणालं तर सांगू नका. तो ओटीपी दिला की रद्द तुम्हीच केली असा अर्थ निघतो.

तपासणी २: पैसे नेमके कुठे आहेत (खर्च शून्य, वेळ अर्धा तास)

दुकानाच्या ॲपवर विसंबू नका, पासबुक किंवा स्टेटमेंट बघा. पैसे गेले पण ऑर्डर तयारच झाली नसेल, तर रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक लागू होतं. यूपीआयने दुकानाला दिलेले किंवा कार्डाने ऑनलाइन भरलेले पैसे, दुकानाकडे पोच गेली नसेल तर, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हे शंभर रुपये रद्द झालेल्या ऑर्डरच्या रिफंडला लागत नाहीत. बँकेत जाऊन लोक यावरून भांडतात आणि हिरमुसून परत येतात.

ऑर्डर झाली आणि मग रद्द झाली असेल तर विक्रेत्याकडे फक्त एक गोष्ट मागा: रिफंडचा संदर्भ क्रमांक. यूपीआयचा आरआरएन १२ आकडी असतो, कार्डाचा एआरएन २३ आकडी. हा क्रमांक हातात नसला की दुकान म्हणतं "आम्ही पाठवले", बँक म्हणते "आमच्याकडे आलेच नाहीत", आणि दोन्ही खरं बोलतायत असं वाटत राहतं. क्रमांक मिळाला तर तो बँकेच्या शाखेत लेखी अर्जासोबत द्या, शोधणं त्यांचं काम. दोनदा लेखी मागूनही क्रमांक मिळत नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत असं धरून चाला.

यूपीआयचा रिफंड बहुधा दोन-चार दिवसांत येतो, कार्डाचा कामाचे सात ते दहा दिवस घेतो. त्याआधी ओरडून उपयोग नसतो.

"पैसे आलेच नाहीत" म्हणणाऱ्यांपैकी काहींचे पैसे आलेले असतात, फक्त भलत्या जागी. पैसे भाच्याच्या फोनवरून भरले होते, तर रिफंड भाच्याच्या खात्यात गेलाय. यूपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडलेलं होतं, तर तो बचत खात्यात येणार नाही, कार्डावर जमा होईल. जुनं कार्ड बदलून नवं घेतलं असेल तरी रिफंड जुन्याच कार्डाच्या खात्याशी जातो. तिथे बँकेलाच विचारावं लागतं.

तपासणी ३: रक्कम जुळवा

८,४९९ रुपयांचा कूलर घेऊ. त्यात ५०० गिफ्ट कार्डाचे, २५० कूपनचे आणि ७,७४९ यूपीआयचे. रद्द झाल्यावर ७,७४९ खात्यात आणि ५०० गिफ्ट कार्डावर, हे बरोबर. कूपनचे २५० ही सूट होती, ते पैसे तुम्ही भरलेच नव्हते. ते रोख मागू नका. मात्र कूपनची मुदत दरम्यान संपली असेल तर नवं कूपन लेखी मागायला हरकत नाही.

रिफंड वॉलेटमध्ये टाकून "लगेच वापरा" म्हणत असतील तर नकार द्या. पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी, म्हणजे ग्राहकाचे पैसे दुकानापर्यंत पोहोचवणाऱ्या मधल्या कंपन्यांसाठी, रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत जायचे, ग्राहकाने स्वतःहून दुसरा मार्ग मान्य केला असेल तरच अपवाद. अडचण अशी की "झटपट रिफंड" या आकर्षक बटणाखाली ती संमती बऱ्याचदा दडलेली असते. बटण दाबण्याआधी वाचा.

हप्त्यांवर घेतलं असेल तर रिफंड आला म्हणून हप्ता आपोआप थांबतो असं धरू नका. बँकेला लेखी कळवून तो कर्जहप्ता रद्द करून घ्यावा लागतो. प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही, ती नुकसानीत मोजा. क्रेडिट कार्डाच्या बिलाची शेवटची तारीख रिफंडच्या आधी येत असेल तर बिल भरून टाका. तेराशे रुपयांच्या वादापायी व्याज आणि दंड ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

तपासणी ४: तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी (खर्च शून्य, वेळ एक महिना)

कस्टमर केअर आणि तक्रार निवारण अधिकारी ही दोन वेगळी माणसं. दुसऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. बहुधा पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि पोहोचल्यापासून एका महिन्यात निकाल लावायचा. हीच पोच पुढच्या प्रत्येक पायरीचं तिकीट आहे, म्हणून इथे फोन नको, ईमेलच. मजकूर इतकाच पुरे:

"ऑर्डर क्र. ____, दि. ____, रक्कम रु. ८,४९९. ही ऑर्डर मी रद्द केलेली नाही. आपण दिलेले कारण 'या पिनकोडवर सेवा नाही' असे आहे. आज दि. ____ रोजी हीच वस्तू याच पिनकोडवर रु. १०,१९९ ला उपलब्ध दिसते, चित्रफीत सोबत जोडली आहे. एकतर मूळ किमतीत वस्तू द्यावी, किंवा पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करून किमतीतील फरक रु. १,७०० द्यावा. तक्रार क्रमांक कळवावा."

रागाचा मजकूर यात घालू नका. पुढे हेच पत्र ग्राहक आयोगासमोर वाचलं जातं.

फरकाची रक्कम मागता येते का? इथे स्पष्ट बोलायला हवं. जवळपास प्रत्येक मोठ्या दुकानाच्या अटींत लिहिलेलं असतं की ऑर्डरचा ईमेल ही केवळ पोच आहे, करार माल रवाना झाल्यावर होतो. त्यामुळे "मला त्याच किमतीत वस्तू मिळालीच पाहिजे" ही मागणी नेहमी टिकतेच असं नाही. पूर्ण रिफंड मात्र निर्विवाद. मधली जागा भरपाईची, आणि तिथे कारण खोटं होतं का यावर बरंच अवलंबून असतं. स्वस्त किंमत दाखवायची, मग "माल नाही" म्हणायचं आणि महाग मॉडेल पुढे करायचं, याला ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत आमिष दाखवून माल बदलणं म्हणून नावानिशी मनाई आहे. अशी तेरा प्रकारांची यादीच तिथे दिली आहे.

चुकीच्या किमतीचं प्रकरण वेगळं. २३ हजारांचा लॅपटॉप १९० रुपयांना दाखवून, ऑर्डर पक्की करून, मग रद्द केल्याबद्दल ओडिशाच्या राज्य ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये एका मोठ्या मार्केटप्लेसला एकूण ४५,००० रुपये द्यायला लावले. ती ऑर्डर २०१४ ची होती, हेही लक्षात ठेवा. या निकालाच्या भरवशावर टीव्ही शंभर रुपयांत मिळेल अशी आशा धरणं आमच्या मते चुकीचं. आयोगाने लॅपटॉप दिला नाही, मनस्तापाची भरपाई आणि दंड दिला.

वस्तूची तातडी असेल तर वाट बघत बसू नका. नवी पेठेतून तेच मॉडेल पक्क्या जीएसटी बिलावर घ्या आणि बिल जपून ठेवा. फरक मागायचा तर मॉडेल तेच हवं, खरेदी फार उशिराची नको. ऐंशी लिटरचा रद्द झाला म्हणून शंभर लिटरचा घेतला तर तो फरक तुमचाच.

तपासणी ५: १९१५ आणि बँक

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो, मराठीत बोलता येतं. ८८००००१९१५ वर व्हॉट्सॲपनेही तक्रार टाकता येते. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. ती तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर नेऊन ठेवते. अडकलेला रिफंड सुटायला तेवढं पुष्कळदा पुरतं, किमतीच्या फरकाला सहसा पुरत नाही.

कार्डाने पैसे भरले असतील आणि विक्रेता रिफंडच देत नसेल, तर बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याचा, अर्ज करा. मुदत साधारण १२० दिवसांची धरली जाते, पण बँकेचा आतला नियम याहून कडक असू शकतो, म्हणून महिन्याच्या आत द्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, चौकशीचा क्रमांक १४४४८. हे बँकेच्या चुकीसाठी आहे. दुकानाच्या चुकीची तक्रार लोकपालाकडे नेली तर ती तिथूनच परत येते.

तपासणी ६: जिल्हा ग्राहक आयोग

"कंपनी बंगळुरूची, अटींत तिथलं न्यायालय लिहिलंय" म्हणून बरेच जण इथेच सोडून देतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. म्हणजे सोलापूरकरासाठी सोलापूर. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या ग्राहकांसाठीही हाच जिल्हा आयोग, पण पूर्वीच्या ई-दाखिलच्या जागी आलेल्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येत असल्याने एसटीच्या फेऱ्या वाचतात. दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची विनंतीही करता येते.

भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची, तीही तुम्ही भरलेल्या किमतीवर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

मार्केटप्लेस आणि विक्रेता दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पैसे बँकेत अडकलेले नसतील तर बँकेला उगाच ओढू नका, प्रकरण लांबतं. कागदांमध्ये घटनाक्रमाची तारीखवार यादी, ऑर्डर, रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट, ईमेल, १९१५ चा तक्रार क्रमांक, स्टेटमेंटचं पान, दुसरीकडून घेतल्याचं बिल आणि प्रतिज्ञापत्र लावा. स्क्रीनशॉट ज्या फोनवरून घेतले त्याबद्दलचं इलेक्ट्रॉनिक नोंदींचं प्रमाणपत्र, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब ऐवजी आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, सोबत जोडा. ते नसलं की समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो.

आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पाठवणं सक्तीचं नाही, पण पाठवा. पोच छापून ठेवा. नोटीस मिळाल्यावर तडजोडीचे फोन येऊ लागतात.

आयोगाने नोटीस बजावल्यावर कंपनीला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, त्या तयारीने जा.

एकाच सेलमध्ये शेजारपाजारच्या पाच-दहा जणांच्या ऑर्डरी तशाच रद्द झाल्या असतील तर आणखी एक दार आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ नुसार अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते. त्यातून तुमचे १,७०० मिळणार नाहीत, तो रस्ता चौकशीचा आहे.

इथे थांबा

रिफंडसाठी कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितला, क्यूआर स्कॅन करायला लावला किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप उतरवायला सांगितलं, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. इंटरनेटवर शोधून सापडलेला "कस्टमर केअर" नंबर हा या फसवणुकीचा नेहमीचा दरवाजा. दुकानच बनावट निघालं, पत्ता नाही, तक्रार अधिकारी नाही, फोन बंद, तरी तेच करायचं: ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग सायबर पोलीस. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. ग्राहक आयोगाची वाट तेव्हा चुकीची.

वकील कधी? रक्कम लाखात असेल; कंपनीने "आम्ही केवळ मध्यस्थ आहोत" असा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चा बचाव लेखी घेतला असेल; तुमची खरेदी व्यापारासाठी होती असा आक्षेप आला असेल; किंवा निकाल विरोधात जाऊन राज्य आयोगात अपील करायचं असेल. अपिलाला ४५ दिवसच मिळतात, तेव्हा निकालाची प्रत हातात आली की लगेच भेटा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांनाही हक्क आहे. फोन १५१००.

निकाल तुमच्या बाजूने लागूनही कंपनी पैसे देत नसेल तर पुन्हा नवी तक्रार करू नका. त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्यायचा असतो. आदेश न पाळणाऱ्याला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा अर्ज मात्र वकिलाकडूनच करून घ्या.